गालातली लवंग

बुऱ्हाणपूर, इतवारा
शनिवार, ता. १३ फेब्रुवारी १९३२

शारदाबाईंना सोजरचा हात जोडून नमस्कार.

तारीख फळ्यावरून उतरवून घेतली आहे. तुम्ही गेल्यापासून ती मीच बदलते, सकाळी आल्या आल्या. वाचायला कोणी नसलं तरी बदलते.

तुमच्या भावाचा इंदूरचा पत्ता कपाटातल्या एका जुन्या पाकिटावर मिळाला. न विचारता घेतला, रागावू नका. रागवायचं तर त्याहून मोठं कारण तुमच्यापाशी आहे. तिकडं येतेच.

आधी शाळेचं. आज सहा पोरी आल्या. संक्रांतीला बेचाळीस होत्या. मी अजून रोज सगळी दारं फिरते. इतवाऱ्यापासून राजपुऱ्यापर्यंत जाते आणि शनवाऱ्यावरून परत येते. वीस वर्षं याच वाटेनं पोरी गोळा करून शाळेत आणल्या, त्यामुळं कुठल्या दाराची कडी कशी वाजते ते मला डोळे मिटून सांगता येईल. आता कडी वाजत नाही. आतून बाईमाणूस म्हणतं, मालूला ताप आहे. आणि मालू पडद्याआडून धडधाकट डोळ्यांनी माझ्याकडं बघत असते.

कमिटीनं असं ठरवलंय की २६ मार्चला, शनिवारी, बैठक घ्यायची. त्या दिवशी वर्गात मास्तरीण आणि निदान वीस पोरी दिसल्या नाहीत तर शाळेला कुलूप. दुसरी मास्तरीण मिळत नाही. खंडव्याहून एक येणार होत्या, त्यांनी इथली हकीकत ऐकली आणि नको म्हणाल्या. तुमचा राजीनामा अजून वर गेलेला नाही. कारकून म्हणाला, चेअरमन मोतीलालशेठच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून आहे. म्हणून म्हणते बाई, तुम्ही या. तुम्ही दिसलात तर पोरी येतील, मी एकेकीला उचलून आणीन.

त्या सोमवारी बाजारात काय झालं ते तुम्हाला कोणी धड सांगितलं नसेल. तुम्ही शाळेत फळा पुसत होतात. मनकर्णा चार मोठ्या पोरींना घेऊन निघाली होती. शनिवारच्या पोरींच्या सभेत त्यांनी ठरवलंच होतं की मोठ्या पोरींनी लहानींना आणायचं. बरोबर मी नाही, कुठलं मोठं माणूस नाही. चौदा वर्षांची पोर भर बाजारातून दारोदार हाक मारत चालली. आणि हाक माझीच उचललेली, बरं का. "चला गं चिमण्यांनो, पाटी घ्या, पाणी प्या, पाय उचला." विणकरांनी माग थांबवले. पानवाल्यानं तोंड घातलं, की आज शेळ्या गुराख्याशिवाय सुटल्या वाटतं. मनकर्णा थांबली आणि त्याला म्हणाली, काका, तुमची मुलगी सात वर्षांची झाली, तिलाही पाठवा. लोक हसले. हसणं दुपारपर्यंत टिकलं. दुपारी सगळे बाप शाळेच्या दारात उभे होते.

मला कमिटीत बोलावलं. शेठनी विचारलं, या पोरींना हे कुणी शिकवलं?

बाई, माझी छाती अशी फुगली. मी म्हटलं, "बाईंनी. आमच्या शारदाबाईंनी शिकवलं. त्यांच्यासारखं शिकवणारं या गावात दुसरं कोणी नाही."

मला वाटलं, मी तुमचा मान करतेय. कारकुनानं भराभरा लिहिलं. मग त्यानं अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं सरकवली. मी म्हटलं, नको, मला सही येते. तुम्हीच शिकवलेली. सरकारी कागदावर जन्मात पहिल्यांदा केली. कागद इंग्रजीत होता. संध्याकाळी तुमची ट्रंक टांग्यात चढली आणि टांगा लालबागच्या स्टेशनाकडं वळला, तेव्हा मला कळलं मी कशाखाली सही केली.

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. बरोबर केलंत.

या, बाई.

तुमची सोजर


शनिवार, ता. २७ फेब्रुवारी १९३२

शारदाबाईंना सोजरचा नमस्कार पोचावा.

उत्तर नाही. मी पोस्टमनला रोज अडवते. तो आता मला बघून सायकल पलीकडच्या गल्लीत घालतो.

मी शेठकडं गेले होते. दोन तास ओट्यावर बसवलं, मग आत घेतलं. मी सांगितलं, माझं बयान मागं घ्यायचंय. मी बाईंचा मान करत होते आणि कागदावर गेलं, बाईंनी पोरींना बाजारात पाठवलं. शेठ माणूस वाईट नाहीत, तुम्हाला माहीत आहे, मुलींच्या शाळेचं छप्पर त्यांनीच घातलं. पण बापांनी त्यांचं डोकं खाल्लंय. त्यांनी कागद काढला, माझ्यापुढं धरला आणि सहीवर बोट ठेवलं.

"देखो बाई," म्हणाले, "इथं अंगठा असता ना, तर मी म्हटलं असतं, बिचारी अडाणी आहे, तिला काय लिहिलंय ते कळलं नाही. कागद फाडून टाकला असता. पण तू सही केलीस. सही करणारं माणूस वाचून करतं."

घरी आले आणि उजव्या हाताकडं बघत बसले. तुम्ही गावात आलात त्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातावर हात ठेवून सही गिरवून घेतली होती. नुसतं सोजर शिकवलंत तेव्हा मी मागं लागले होते की बाई, पूर्ण नाव शिकवा, अर्धं नको. कोळशानं घरची सगळी भिंत काळी केली मी तेव्हा.

नंतर शालिग्रामकडं गेले. मनकर्णेला बापानं घरातच ठेवलंय. जरीची तार ओढायचं काम करता करता, मान वर न करता बोलला. "माझी पोर काय चौकीदार हाये का, मोहल्लेमोहल्ले हाका देत फिरायला? तू होती ना त्याच्यासाठी? तू कुठं होती त्या दिवशी, सोजरबाई?"

मी म्हटलं, गुडघे दुखत होते. तो म्हणाला, हां. तार ओढत राहिला.

मागच्या बाजूनं खिडकीपाशी गेले. मनकर्णा आत वाती वळत होती. वाळलीय. तिनं आधी विचारलं, आज पट किती? मी म्हटलं, सहा. मग गजाला तोंड लावून हळूच म्हणाली, "मावशी, बाई माझ्यामुळं गेल्या ना? मी अध्यक्षीण होते. मीच ठराव मांडला. त्या माझ्यावर रागावल्यात का?"

मी म्हटलं, नाही गं. त्यापुढचं वाक्य मला बोलता आलं नाही. ते वाक्य असं होतं की तुझ्यामुळं नाही, माझ्यामुळं गेल्या. जिभेच्या टोकाशी येऊन बसलं आणि मी त्याला गिळलं. पोरीनं हुं म्हटलं आणि परत वाती वळायला लागली.

तिला एक ओळ लिहा बाई. मला नका लिहू. तिला लिहा, की मी रागावलेले नाही. ती पोर जेवत नाहीये. तिची आई मला दारातून सांगत होती आणि डोळे पुसत होती.

सोजर


शनिवार, ता. १२ मार्च १९३२

बाई,

तुमचं कार्ड मिळालं. पोस्टमन आपणहून घरी आला. मी देवापुढं ठेवलं, मग वाचलं. चार ओळी वाचायला मला वेळ लागत नाही आता, पण मी चारदा वाचलं. पाचवी ओळ कुठं लिहिली असेल म्हणून उलटं करून पाहिलं.

"सोजरमावशी, पत्रं पोचली. मी येत नाही. मनकर्णेला सांगा, मी तिच्यावर रागावले नाही आणि तिनं जेवावं. ऊन वाढलंय, मुलींना वहाणा घालून आणत जा, पाय भाजतील."

मनकर्णेला खिडकीतून वाचून दाखवलं. तिनं माझ्या हातातलं कार्ड ओढून घेतलं आणि आत पळाली. दुसऱ्या दिवशी तिची आई म्हणाली, दीड भाकरी खाल्ली. हे तुमच्या कार्डानं झालं.

माझ्यावर रागावला नाहीत असं मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. मनकर्णेचं लिहिलंत, वहाणांचं लिहिलंत. मी दोन दिवस त्यावर कुढले. मग माझ्या लक्षात आलं की मी तुम्हाला खरं लिहिलंच नव्हतं, तर तुम्ही उत्तर कशाचं द्याल. आता लिहिते. वाचून कार्डसुद्धा पाठवावंसं वाटलं नाही तर नका पाठवू.

मी लिहिलं की छाती फुगली आणि बोलून गेले. छाती फुगली हे खोटं नाही. पण त्याआधी दोन दिवस छातीत दुसरंच काही बसलं होतं.

त्या शनिवारच्या सभेत मी नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर बसले होते, पोरींना घरी न्यायला. तुम्ही मागं, पाण्याच्या माठापाशी. सभा सुरू झाली की डबीतून एक लवंग काढून गालात धरायची ही तुमची रीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. म्हटलं, बाईंची दाढ दुखते वाटतं. मग तुम्हीच पोरींना सांगितलंत, लवंग तोंडात आहे तोवर मी इथं नाही, मला विचारू नका, तुमचं तुम्ही ठरवा. पोरी भांडल्या तरी तुम्ही बोलायचा नाहीत. मनकर्णा लहानग्यांची सभा घ्यायला लागली तेव्हा तिलाही तुम्ही अर्धी लवंग मोडून दिलीत, की आता तूही गप्प बसायला शीक. मी सगळं बघत होते. पाच वर्षं बघत होते.

तर मनकर्णा उभी राहिली आणि म्हणाली, मोठ्या मुलींनी आपापल्या गल्लीतल्या लहान मुली आणाव्यात. तेवढं ऐकलं आणि माझ्या अंगातलं पाणी आटलं. म्हणजे मी नको. वीस वर्षं ज्या पोरींची शेंबडी नाकं याच पदरानं पुसली, त्या म्हणताहेत की मावशी नको. मी तुमच्याकडं बघितलं. वाटलं, तुम्ही आता बोलाल. तुम्ही एका गालातली लवंग दुसऱ्या गालात घेतलीत आणि खाली बघितलंत. मी उठले, वहाणा पायात सरकवल्या आणि निघून गेले. सोमवारी गुडघे दुखतात म्हणून घरी बसले. गुडघे रोजच दुखतात बाई. त्या दिवशी मन दुखत होतं.

शालिग्रामनं विचारलं ना, तू कुठं होतीस? मी पोरींबरोबर मागं नुसती दहा पावलांवर चालले असते, तरी कोणाच्या तोंडाला शब्द फुटला नसता. मला ठाऊक होतं. मी घरी बसून हाका ऐकत होते. माझीच हाक माझ्या दारावरून गेली.

म्हणून कमिटीत "बाईंनी शिकवलं" असं म्हणाले, त्यात अर्धा मान होता आणि अर्धी आग होती. तुम्ही शिकवलं नव्हतं. लवंग मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

आता लिहून झालं. अक्षर सांभाळून घ्या.

सोजर


गुरुवार, ता. २४ मार्च १९३२

बाई, हे पत्र धावत टाकतेय. परवा कमिटी आहे.

काल धुळवड होती, पोरांनी शाळेच्या दारावर रंग फेकलाय. मी आज एकटी बसून दार धूत होते आणि मनात आलं, परवा मी कमिटीपुढं जाईन तर कशाच्या जोरावर जाईन. मग सभेची वही आठवली. तुमच्याच हुकमानं पोरी ती लिहायच्या. कपाटातून काढली. म्हटलं, बाई बोलल्या नाहीत हे त्यात कुठं तरी असेल.

त्या शनिवारचं पान आशाच्या अक्षरात आहे. मी बोट ठेवून वाचलं. तसंच्या तसं खाली उतरवते.

"ठराव. मोठ्या मुलींनी आपापल्या गल्लीतल्या लहान मुली आणाव्यात. कारण सोजरमावशीचे गुडघे सुजतात. तिला सकाळी सगळी दारे फिरावी लागतात. तेवढ्या वेळात सोजरमावशीने वर्गात बसून आमच्याबरोबर तिसरीचे पुस्तक शिकावे, कारण तिला वाचायचे फार वेड आहे. सोजरमावशीला विचारायला गेलो, पण ती उठून गेली होती. बाईंना विचारले. बाईंच्या तोंडात लवंग होती."

मी भिंतीला टेकून खालीच बसले. ओल्या फरशीवर.

मी पहिल्या वाक्याला उठले, बाई. दोन वाक्यं आणखी थांबले असते तर. पोरी माझ्यासाठी पाट मांडत होत्या आणि मी वहाणा घालत होते. आणि तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. त्याच दिवशी कमिटीत तुम्ही सांगू शकला असतात, की हे सोजरसाठी केलं पोरींनी आणि तीच सोजर माझ्यावर उलटली. तुम्ही राजीनामा लिहून दिलात आणि माझं नाव काढलं नाहीत. का नाही काढलंत? काढलं असतं तर मला आता इतकं जड गेलं नसतं.

परवा दुपारी चारची वेळ आहे. इंदूरहून शुक्रवारची गाडी धरलीत तर शनिवारी सकाळी लालबागला उतराल. मी स्टेशनावर येईन. वीस पोरी मिळत नाहीत, आठ आहेत, पण तुम्ही दारात उभ्या राहिलात तर बाराजणी कशा येत नाहीत ते मी बघते. मी तुमच्या पाया पडते. मला शिक्षा करायला म्हणून तरी या. शाळा बंद झाली तर मालू आयुष्यभर पडद्याआडूनच बघत राहील आणि त्या घरावरून जाताना मला मान वर करता येणार नाही.

सोजर


शनिवार, ता. २ एप्रिल १९३२

शारदाबाईंना सोजरचा नमस्कार.

फळा कुलपात आहे. तारीख मनकर्णेला विचारून घातली. ती आत्ता माझ्या ओट्यावरून गेली.

क्रमानं सांगते.

शनिवारी सकाळी मी लालबागला दोन गाड्या बघितल्या. तुम्ही उतरला नाहीत. चारला कमिटीत गेले. बाप मंडळी सतरंजीवर बसली होती, शालिग्राम दाराशी. मी वही उघडली आणि तो ठराव मोठ्यानं वाचला. अडखळत वाचला, पण शेवटपर्यंत वाचला. लवंगेच्या ओळीवर कोणीतरी म्हणालं, आता लवंगेची साक्ष काढा, आणि हशा पिकला. मी हशा संपू दिला. मग म्हटलं, "मागच्या कागदावरची सही खरी आहे आणि बयान खोटं आहे. बाईंनी पोरींना बाजारात पाठवलं नाही. पोरींनी माझ्या दुखऱ्या पायांसाठी ठरवलं आणि मी रुसून घरी बसले. त्या दिवशी पोरींबरोबर मोठं माणूस नव्हतं, कारण ते मोठं माणूस मी होते."

मी दुसरा कागद मागितला. कारकुनाकडून तो मराठीत लिहवून घेतला, तीनदा वाचायला लावला, चौथ्यांदा स्वतः वाचला आणि मग सही केली. शेठ म्हणाले, हा त्या पहिल्या कागदाला जोडून ठेवतो. म्हणजे तुमच्या नावापुढं आता काही वाईट उरलं नाही, बाई. दुसरी शाळा मागाल तिथं हे दाखवता येईल. नक्कल सोबत ठेवली आहे.

पण शाळा वाचली नाही. शेठनी मान हलवली, मास्तरीण नाही, पट नाही, मी एकटा काय करू. पाच वाजता कुलूप लागलं. माझा पितळी बिल्ला काढून घेतला. पदरावर जिथं तो वीस वर्षं टाचलेला होता तिथं भोक पडलंय, रफू करायला मन होत नाही.

निघताना शालिग्राम आडवा आला. मी मान खाली घातली, म्हटलं आता हा चार शब्द सुनावणार. तो म्हणाला, "पोरीनं मला हे सांगितलंच नाही, गुडघ्यांचं." आणि गेला.

त्यानंतरचे सात दिवस नका विचारू. सकाळी जाग यायची ती हाक घेऊनच यायची, आणि मग आठवायचं की कोणाला मारायची. पाणी भरलं नाही. चूल दोनदा पेटवली असेल. शेजारीण म्हणाली, सोजरबाई, उठा, तर मी म्हटलं, कशाला?

आज सकाळी दार लोटलेलं होतं. मी अंथरुणावरच. आणि गल्लीतून आवाज आला. "चला गं चिमण्यांनो, पाटी घ्या, पाणी प्या, पाय उचला." मला वाटलं, डोकं फिरलं माझं. हाक माझ्या दाराशी आली आणि थांबली. मग कडी वाजली.

"सोजरमावशी, शाळेला चला."

मनकर्णा होती. मागं नऊ पोरी, मालूसुद्धा, कोणाच्या तरी भल्यामोठ्या वहाणा पायात ओढत. गल्लीच्या तोंडाशी शालिग्राम उभा, हात पाठीमागं, असा काही आभाळ बघत होता जसा त्याचा आणि या पोरींचा संबंधच नाही. मालूनं मला सांगितलं, ते घरापासून मागं मागं चालत आलेत आणि थांबलं की तेही थांबतात.

मी म्हटलं, अगं, शाळेला कुलूप आहे. मनकर्णा म्हणाली, सभेला नाही. आज शनिवार आहे.

सभा माझ्या ओट्यावर झाली. मला मागं, माठापाशी बसवलं. मनकर्णेनं कमरेतून एक लहानशी चंची काढली. जांभळ्या कापडाची, काठाला जर. संक्रांतीपासून पोरी ती तुमच्यासाठी शिवत होत्या, पाडव्याला वर्गात तुमचा सत्कार करून लवंगा भरून द्यायची होती. मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. तिनं त्यातून एक लवंग काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी ती गालात धरली.

पहिला ठराव तुमच्या सत्काराचा. तुमच्या जागी पाट मांडला, त्यावर चंची ठेवली, पोरी एकेक येऊन पाया पडल्या. आशानं वहीत तुमचं नाव लिहिलं. मालूनं भाषण केलं, दोन वाक्यांचं, दुसऱ्यात रडली.

दुसरा ठराव, दर शनिवारी सभा इथंच. इतर दिवशी सकाळी याच ओट्यावर मनकर्णा लहानग्यांना शिकवेल, आणि मावशी तिसरीचं पुस्तक घेऊन बसेल. हाक आधी माझ्या दारी येईल, मग बाकीच्यांच्या.

तिसऱ्या ठरावावर भांडण झालं. काहीजणी म्हणाल्या, बाईंना लिहा, या. मनकर्णा उभी राहिली. ती म्हणाली, बाईंना या गावात पुन्हा उभं करायचं आणि लोकांनी पुन्हा तसंच केलं तर? त्यांना तिकडं दुसरी शाळा मिळू दे. आपण त्यांना बोलवायचं नाही, चंची पाठवायची. हात वर करा. सात हात वर झाले.

बाई, मला किंचाळावंसं वाटलं. मला माहीत होतं की पोरी चुकताहेत. निदान मला तसं वाटत होतं. एक शब्द टाकला असता तर सातचे तीन झाले असते, त्या अजून माझं ऐकतात. लवंगेनं सगळा गाल पेटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मनकर्णेनं माझ्याकडं बघितलं. मी लवंग या गालातली त्या गालात घेतली आणि खाली बघितलं.

पाच वर्षं दर शनिवारी तुम्ही हे कसं सोसलंत?

चंची पत्राबरोबर पाठवते आहे. पाडव्याला पोचावी. माझं म्हणणं काय आहे ते तुम्ही आधीच्या पत्रांत वाचलेलं आहे. आज लिहीत नाही. चंचीत एक लवंग कमी भरेल. ती अजून माझ्या गालात आहे.

सोजर